चौकशीचे पत्ते

१२ फेब्रुवारी २००७ या तारखेचे एक सरकारी पत्र आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेतल्या एका अधिकाऱ्याने ते एका औषध कंपनीला लिहिले होते. कंपनीला दोन औषधे एकाच गोळीत घालायची होती : ॲसिक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि ड्रोटाव्हेरिन हे पोटातला मुरडा थांबवणारे. उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया इथल्या कुठल्याही प्रगत देशात या जोडगोळीला परवानगी नव्हती. म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांना विचारणे आलेच. पत्रातली सूचना अशी होती, की तज्ज्ञ तुम्हीच निवडा, त्यांची मते तुम्हीच मिळवा आणि औषध महानियंत्रकांच्या कार्यालयात आणून पोहोचवा.

आपल्याकडे मुलीचा बाप स्थळाची चौकशी करायला निघतो तेव्हा मुलाच्या कचेरीत कोणी ओळखीचे निघते का ते पाहतो, जुन्या घरमालकाला गाठतो, फार झाले तर कोपऱ्यावरच्या वाण्याशी दोन शब्द बोलतो. ‘आपल्या चिरंजिवांबद्दल कोणाला विचारू, ते आपणच ठरवा आणि त्यांच्याकडून चार ओळी लिहूनही आणा,’ असे तो वरपित्याला सांगत नाही. एवढे शहाणपण संसारी माणसाला असते. कोट्यवधी लोकांच्या पोटात जाणाऱ्या गोळीच्या बाबतीत ते सरकारी कार्यालयात शिल्लक नव्हते.

हे पत्र बाहेर आले ते संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीमुळे. ८ मे २०१२ रोजी या समितीचा ५९ वा अहवाल संसदेत मांडला गेला. एरवी अशा अहवालांची भाषा पेजेसारखी पातळ असते. या अहवालाची तशी नव्हती. समितीने फायली मागवून वाचल्या होत्या. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या मोठमोठ्या प्राध्यापकांनी औषध महानियंत्रकांना पाठवलेली शिफारसपत्रे तिने एकाशेजारी एक ठेवली आणि ती शब्दशः सारखी निघाली. दोन डॉक्टरांचे मत एक असू शकते. त्यांची वाक्ये एक असू शकत नाहीत. समितीने निष्कर्ष काढला तो असा, की यातली बरीच मते औषध कंपन्यांच्या अदृश्य हातांनी लिहिलेली आहेत आणि तज्ज्ञांनी त्यांवर फक्त सही करण्याचे उपकार केले आहेत. समितीने ४२ औषधांच्या फायली मागितल्या होत्या, मिळाल्या ३९. पेफ्लॉक्सासिन, लोमेफ्लॉक्सासिन आणि स्पारफ्लॉक्सासिन या तीन प्रतिजैविकांच्या फायली कार्यालयाला सापडल्याच नाहीत. सापडलेल्या ३९ पैकी ११ औषधांच्या बाबतीत कायद्याने सक्तीच्या असलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या झाल्याच नव्हत्या.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘साटेलोटे’ हा शब्द वापरून विषय मिटवला. आम्हाला तो शब्द आळशी वाटतो. सगळे प्राध्यापक विकले गेले होते असे मानले की पुढचा विचार करायला नको. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागप्रमुखाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळची बाह्यरुग्णांची रांग, दुपारचे वर्ग, मधल्या वेळात परीक्षेच्या उत्तरपत्रिका. अशात दिल्लीचा एक लिफाफा येतो. त्यात नेमका प्रश्न काय आहे ते धड लिहिलेले नसते, मुदतीची घाई असते, मानधन नसते आणि आपण दिलेल्या मताचे पुढे काय झाले हेही कधी कळत नाही. त्याच सुमाराला कंपनीचा हसतमुख प्रतिनिधी दारात उभा राहतो. त्याच्या बॅगेत मसुदा तयार असतो. ‘सर, फक्त नजर टाका.’ सर नजर टाकतात आणि सही करतात. विचारणाऱ्यालाच उत्तराची गरज नसेल, तर उत्तर देणारा कशाला घाम गाळेल? सहीबद्दल डॉक्टर दोषी आहेतच. पण ज्या कार्यालयाने लिफाफ्यात प्रश्न न घालता तो पाठवला, ते आधी दोषी आहे.

बाहेरचा सल्ला हा फळीवरून काढून द्यायचा माल नव्हे. कोणाला विचारले, काय विचारले, किती दिवस दिले, समोर कोणते कागद ठेवले, यावर सल्ल्याचा निम्मा मजकूर आधीच ठरलेला असतो. ‘हे औषध चालेल का?’ आणि ‘या औषधाने आधीच्या औषधापेक्षा रुग्णाला जास्त काय मिळेल?’ हे दोन प्रश्न एकाच तज्ज्ञाकडून दोन वेगळी उत्तरे काढतात. समितीत एकदा तरी बसलेल्या माणसाला विचारा. तो सांगेल की बैठकीत जे झाले त्यापेक्षा कार्यकक्षा लिहिणाऱ्या अवर सचिवाच्या टेबलावर जास्त घडून गेलेले असते.

मग कंपनीला काही विचारूच नये का? हा सोवळेपणाही कामाचा नाही. एखाद्या रेणूबद्दल तो बनवणाऱ्यांइतके कोणालाच माहीत नसते; पिकात घातलेल्या जनुकाचेही तसेच. प्रश्न त्यांना बसवायचे कुठे हा आहे. याचे उत्तर आपल्याच एका कायद्यात फार चांगले लिहून ठेवले आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याचे तेरावे कलम सांगते, की वैज्ञानिक मंडळांवर स्वतंत्र शास्त्रज्ञच असतील. संबंधित उद्योगांच्या आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींना मंडळ चर्चेसाठी बोलावील. पंच वेगळा आणि साक्षीदार वेगळा, हे गावच्या पंचायतीतही कळणारे तत्त्व आहे. साक्षीदाराने आपल्या बाजूचे सांगावे, भरपूर सांगावे, आपल्या नावानिशी सांगावे आणि निकालाच्या वेळी उठून बाहेर जावे. कायद्याची शाई वाळते न वाळते तोच अन्न प्राधिकरणाने मंडळे नेमली आणि त्यांवर शीतपेयांच्या आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत नोकरी करणारी माणसे सदस्य म्हणून बसवली. साक्षीदार पंचांच्या सतरंजीवर जाऊन बसले. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटून मंडळे नव्याने नेमायला लावली. कलम स्पष्ट होते, मराठी चौथीतल्या मुलाला वाचून दाखवले तरी कळले असते. तरी न्यायालयापर्यंत जावे लागले.

कंपनीचा पैसा नसला म्हणजे सल्ला शुद्ध येतो, असेही नाही. बीटी वांग्याचा वाद आठवत असेल. जालन्याच्या महिको कंपनीने ते बियाणे तयार केले होते. जीईएसी या केंद्रीय समितीने १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याला हिरवा कंदील दाखवला आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी तो विझवला. त्यानंतर त्यांनी देशातल्या सहा राष्ट्रीय विज्ञान अकादमींना जनुक बदललेल्या पिकांवर एकत्रित मत द्यायला सांगितले. विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी अशा सगळ्या शाखांतले धुरीण. यांच्यावर आता कोण देव आहे? सप्टेंबर २०१० मध्ये अहवाल आला. त्यातल्या ओळीच्या ओळी जैवतंत्रज्ञान विभागाच्याच वार्तापत्रातल्या एका लेखातून उचललेल्या होत्या. तो लेख जनुकीय पिकांच्या बाजूने लिहिणाऱ्या एका कृषिशास्त्रज्ञाचा; आणि त्यातलाही काही मजकूर ही पिके जगभर पसरावीत म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेच्या प्रकाशनाशी जुळणारा. संदर्भांची यादी नाही, कोणाला विचारले त्याचा उल्लेख नाही. शाळेतल्या निबंधाला मास्तरांनी शून्य दिले असते. मंत्री जाहीरपणे चिडले, अकादमींच्या वतीने दिलगिरी व्यक्त झाली आणि डिसेंबरात दुरुस्त अहवाल काढावा लागला.

इथे लाचलुचपत नव्हती. मग काय होते? आमचा अंदाज असा, की अकादमींना वाटले आपले नाव म्हणजेच पुरावा. फेलोशिपच्या लेटरहेडवर आलेले वाक्य कुठून आले, हे कोणी विचारत नसते. ज्ञानाची ही खानदानी मिजास आपल्याकडे जुनी आहे. आणि गंमत पाहा, निष्कर्ष कदाचित बरोबरही असतील. बीटी वांगे खाण्यास सुरक्षित असेलही. पण उचललेल्या ओळींतून आलेला बरोबर निष्कर्ष आणि चुकीचा निष्कर्ष यांत फरक करायचे साधनच वाचणाऱ्याच्या हाती उरले नाही.

त्याआधी रमेश यांनी स्वतः जो मार्ग धरला होता त्याची त्या वेळी पुष्कळ टवाळी झाली. जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद, बंगळूर. आरडाओरडा झाला, घोषणा झाल्या, मंत्र्यांचा पाराही चढला. विज्ञानाचा निर्णय सभेत हात वर करून होत नाही, अशी शास्त्रज्ञांची तक्रार होती आणि ती खरी आहे. विषारीपणाची चाचणी नव्वद दिवसांची पुरे की नाही, हे नागपूरच्या सभागृहाला ठरवता येणार नाही. पण बियाण्याचा भाव, शेजारच्या शेतात उडणारे परागकण, बीटी कापसात पैसा घातलेल्या विदर्भाच्या शेतकऱ्याने पाहिलेले बरे-वाईट हंगाम, यांतले कायकाय जीईएसीच्या टेबलावर पोहोचले होते? सभांनंतर रमेश यांनी निर्णयाचे टिपण, आलेली पत्रे आणि देशी-परदेशी शास्त्रज्ञांची उलटसुलट मते सगळी जाहीर केली. त्यांचा निर्णय पटो न पटो, तो कशातून निघाला हे कोणालाही वाचता येते. आमच्या मते त्या गोंधळातली ही गोष्ट टिकाऊ आहे आणि तिची आठवण फारशी कोणी काढत नाही.

संसदीय समितीच्या तडाख्याच्या सुमारास औषधांच्या बाबतीत सुटी पत्रे मागवण्याची पद्धत मागे पडली. तज्ज्ञांच्या समित्या आल्या. त्याच पुढे विषयतज्ज्ञ समित्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांची इतिवृत्तेही संकेतस्थळावर येतात. सुधारणा आहेच. पण इतिवृत्त वाचून पाहावे. कोव्हॅक्सिनचे घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेली ही लस. ३० डिसेंबर २०२० रोजी समिती म्हणाली की परिणामकारकतेची माहिती आणा. १ जानेवारीला म्हणाली की स्वयंसेवकांची भरती लवकर उरका आणि अंतरिम विश्लेषणाचा विचार करा. २ जानेवारीला तिने मर्यादित वापराची शिफारस केली, तीही ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ अशी नवीच संज्ञा वापरून. ३ तारखेला परवानगी जाहीर झाली. तिसऱ्या टप्प्याच्या परिणामकारकतेचे आकडे तेव्हा आलेले नव्हते. एका रात्रीत समितीला असे काय दिसले? कदाचित ब्रिटनमधल्या नव्या विषाणूची भीती असेल, ती अनाठायी नव्हती. आणि पुढे आलेल्या आकड्यांनी लसीची बाजूही राखली. पण कोणी काय विचारले, कोण कशाने राजी झाले, कोणाचा विरोध होता का, यातले अक्षर इतिवृत्तात नाही. मोजका मजकूर आणि ‘सविस्तर चर्चेअंती’. ‘सविस्तर’ या शब्दाची एवढी थट्टा सरकारी इतिवृत्ताशिवाय कोणी केली नसेल.

त्याआधी तीनच आठवडे, १० डिसेंबर २०२० रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने फायझरच्या लसीवर दिवसभर चर्चा केली. कोणीही घरबसल्या पाहू शकत होते. मतदान नावानिशी झाले : १७ बाजूने, ४ विरोधात, एक तटस्थ. विरोधातल्यांचा आक्षेप मुख्यतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबद्दल होता, हेही त्याच दिवशी जगाला कळले. अमेरिकेत हे कोणाच्या मोठ्या मनामुळे घडत नाही. सल्लागार समित्यांसाठी तिथे १९७२ पासून स्वतंत्र कायदा आहे. बैठकीची सूचना राजपत्रात आधी द्यावी लागते, बैठक शक्यतो खुली ठेवावी लागते. औषधांच्या समितीत तर कोणाचे कुठे हितसंबंध आहेत ते सुरुवातीला वाचून दाखवले जाते आणि बाहेरच्या माणसाला बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो.

म्हणून अमेरिकेत सगळे आलबेल, असे म्हणण्याचा मोह होण्याआधी ॲड्युहेल्म आठवावे. स्मृतिभ्रंशावरचे हे औषध. ६ नोव्हेंबर २०२० रोजी समितीपुढे शेवटचा प्रश्न ठेवला गेला : हाती असलेला पुरावा परिणामकारकतेसाठी पुरेसा मानता येईल का? दहा जणांनी नाही म्हटले, एकाचे मत अनिश्चित, हो म्हणणारे कोणीच नाही. ७ जून २०२१ रोजी प्रशासनाने औषधाला मंजुरी दिली. समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले. सल्ला धुडकावला गेला हे खरे. पण धुडकावला गेला हे सगळ्यांना दिसले. राजीनाम्याला अर्थ आला तो त्यामुळे. आपल्याकडे एखाद्या सदस्याने असा राजीनामा द्यायचा म्हटले, तर आधी तो सदस्य होता आणि विरोधात होता हे लोकांना पटवून द्यावे लागेल.

सरकारने सल्ला मानलाच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. निवडून आलेल्या सरकारला पैसा, रोजगार, राज्याराज्यांची भांडणे हे सगळे पाहायचे असते. शास्त्रज्ञांना निवडून दिलेले नसते. सल्ला नाकारण्याचा अधिकार सरकारचा. पण तो लपवण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. आणि नेमके तेच आपल्या दाराशी घडले आहे.

मार्च २०१० मध्ये केंद्राने पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. सल्ला कसा मागवावा याचा हा गट एक चांगला नमुना होता. त्यात परिसरशास्त्रज्ञ होते तशी माहिती मांडणारी संगणकी माणसेही होती. विषयवार लेख बाहेरून लिहून घेतले, घाटात ठिकठिकाणी जाऊन लोकांशी बोलणे झाले. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील जाहीर करावा असे ठराव करून पाठवले, ते अहवालात आले. रोजच्या वाटेवरचा झरा कोणत्या वर्षापासून फेब्रुवारीतच आटायला लागला, हे सांगणारा माणूसही तज्ज्ञच असतो; फरक एवढाच की त्याच्याकडे लेटरहेड नसते. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयाला सादर झाला आणि कपाटात गेला.

माहिती अधिकारात तो मागितल्यावर मंत्रालयाने सांगितले, की अहवाल अजून अंतिम नाही आणि तो उघड केल्यास देशाच्या हितसंबंधांना बाधा येईल. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो जाहीर करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथेही हरल्यावर २३ मे २०१२ रोजी अहवाल संकेतस्थळावर आला. म्हणजे औषधांवरचा तो संसदीय अहवाल मांडला गेल्यानंतर पंधराच दिवसांनी. सरकार एकीकडे सांगून लिहवून घेतलेली मते फायलीला लावत होते आणि दुसरीकडे राबून मिळवलेले मत न्यायालयात भांडून दडवत होते, हे त्या एका महिन्यात दिल्लीत शेजारीशेजारी दिसत होते.

पुढचे माहीत आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांचा दुसरा गट नेमला गेला. पहिल्या वैद्याचे निदान आवडले नाही की दुसरा गाठावा, त्यात गैर काही नाही. पण निदान वाचून मग गाठावा. गाडगीळ अहवाल मराठीतून गावोगावी पोहोचलाच नाही. ‘घरावर कौल घालायलाही दिल्लीची परवानगी लागेल’ अशा अफवा मात्र कोकणात घरोघरी पोहोचल्या. ज्यांच्या ग्रामसभांचे ठराव त्या अहवालात छापले होते, त्यांच्याच नावाने त्याला विरोध असल्याचे सांगितले गेले. दुसऱ्या गटाचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला. त्यावर मार्च २०१४ मध्ये पहिली मसुदा अधिसूचना निघाली. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. मसुद्याची मुदत संपत गेली, नवा मसुदा निघत गेला. एप्रिल २०२२ मध्ये राज्यांशी पुन्हा बोलायला आणखी एक समिती नेमण्यात आली.

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरडींनी वस्त्याच्या वस्त्या नेल्या. दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दलचा सहावा मसुदा आहे. ज्या कोणाला हरकती किंवा सूचना द्यायच्या असतील त्यांनी त्या साठ दिवसांत कळवाव्यात, असे त्यात म्हटले आहे.